दर्शनी बाजू आणि वहीची बाजू

गेल्या वर्षी समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका हाती आली, तेव्हा एक बदल ठळकपणे जाणवला. पूर्वी अशा पुस्तिकांत व्यवसायाच्या रकान्यात ‘वडिलांच्या पेढीवर’ असे सर्रास लिहिलेले असे. आता पानोपानी ‘फ्रंट-एंड डेव्हलपर’, ‘बॅक-एंड डेव्हलपर’, ‘फुल-स्टॅक डेव्हलपर’ अशी पदनामे दिसतात. माझ्या पुतणीच्या परिचयातही ‘बॅक-एंड’ हा शब्द होता. मेळाव्यात एका वयोवृद्ध गृहस्थांनी माझ्या जाऊबाईंना अगदी आपुलकीने विचारले, “मुलगी एवढी शिकलेली, मग कंपनीने तिला मागे का बसवले? पुढे काउंटरवर का नाही?” जाऊबाईंना उत्तर सुचेना. पुतणी मात्र हसून म्हणाली, “आजोबा, वही मागच्याच खोलीत असते ना?”

आजोबांचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. माझ्या मनात मात्र ते वाक्य राहून गेले, कारण त्याच सुमारास आमच्या घरात या दोन शब्दांवरून मोठी चर्चा चालू होती. सोलापुरात आमची चादरी आणि टॉवेल यांची घाऊक पेढी आहे आणि तिचे हिशेब गेली बावीस वर्षे मी पाहते. ग्राहकांनी दूरध्वनीवरून मागणी नोंदवायची, दिवाणजींनी ती कागदावर उतरवायची आणि संध्याकाळी मी ती संगणकात चढवायची, ही आमची रीत. भाऊजींचे म्हणणे असे की, आता विजयपूरच्या, लातूरच्या, हुबळीच्या दुकानदाराला त्याच्या मोबाईलवरूनच मागणी नोंदवता आली पाहिजे. म्हणणे रास्त होते. तीन ठिकाणांहून दरपत्रके मागवली. तिन्हींत ‘फ्रंट-एंड’ आणि ‘बॅक-एंड’ असे दोन स्वतंत्र आकडे होते, आणि पहिला आकडा कशाचा व दुसरा कशाचा, हे घरात कोणालाच नेमके सांगता येत नव्हते. आपल्या समाजातील अनेक पेढ्या आज याच उंबरठ्यावर उभ्या आहेत, म्हणून हे लिहिते.

हा भेद समजावताना बहुतेक जण उपाहारगृहाचा दृष्टांत देतात: ग्राहक बसतो ती जागा फ्रंट-एंड आणि स्वयंपाकघर बॅक-एंड. व्यापाऱ्यांसाठी तोच दृष्टांत दुकान आणि वखार असा होतो. दृष्टांत सोयीचा आहे. परंतु नेमक्या महत्त्वाच्या जागी तो आपल्याला चकवतो. दुकानाचा दर्शनी भाग आपल्याच मालकीच्या जागेत असतो. त्याचे शटर आपले, गल्ला आपला, लक्ष ठेवणारा माणूस आपला. संकेतस्थळाच्या फ्रंट-एंडचे तसे नाही. विजयपूरचा दुकानदार आपले संकेतस्थळ उघडतो, तेव्हा त्या फ्रंट-एंडची संपूर्ण प्रत तारेतून प्रवास करून त्याच्या मोबाईलवर जाते आणि तेथेच चालू लागते. म्हणजे ते आपले दुकान नसून आपण ग्राहकाच्या घरी पाठवलेला फिरता विक्रेता आहे. त्याच्या पेटीत आपण जे जे भरू, ते ते ग्राहक उघडून पाहू शकतो. बॅक-एंड मात्र आपल्या ताब्यातील संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर चालते. ते ग्राहकाच्या हाती कधीच जात नाही. त्याला फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

म्हणून या दोन बाजूंतील खरा भेद सुंदर आणि साधे, किंवा सोपे आणि अवघड असा नाही. कोणती गोष्ट कोणाच्या यंत्रावर चालते, एवढाच तो भेद आहे. हे एकदा नीट उमगले की भाषांचा आणि फ्रेमवर्कचा बराचसा गोंधळ आपोआप ओसरतो.

भाषांचेच पाहा. फ्रंट-एंडच्या भाषा मोजक्या का आणि बॅक-एंडच्या इतक्या का, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर सरळ आहे. ग्राहकाच्या मोबाईलवरील ब्राउझरला ज्या भाषा समजतात, त्याच विक्रेत्याने बोलायला हव्यात. त्या मुख्यत्वे तीन. पानाचा सांगाडा सांगणारी एचटीएमएल, जी टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत वेब उभारताना घडवली. रंग, अंतर आणि अक्षरांचे वळण ठरवणारी सीएसएस. आणि पानाला हालचाल व हिशेब शिकवणारी जावास्क्रिप्ट, जिचे पहिले रूप ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केले. पहिल्या दोन भाषांना काटेकोर मंडळी प्रोग्रॅमिंगची भाषा मानतच नाहीत, कारण त्या मांडणी सांगतात, कृती करवत नाहीत. तो वाद त्यांच्यापाशी राहो. दहा दिवसांत जन्मलेल्या भाषेवर आज जगाचा केवढा व्यवहार चालतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

आपल्या सर्व्हरवर मात्र कोणती भाषा वापरायची, हा सर्वस्वी आपला प्रश्न. पीएचपी वापरा, जावा वापरा, पायथन, रुबी, सी-शार्प किंवा गो वापरा. ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्या जुन्या पेढ्यांचे असेच होते. खातेवही कोठे मोडीत, कोठे महाजनी लिपीत, कोठे गुजराती अक्षरांत लिहिली जाई. ती पेढीवरच्या माणसांना वाचता आली म्हणजे झाले. बाहेर जाणारे पत्र मात्र समोरच्याला कळेल अशाच लिपीत लिहावे लागे. महाजनीत काना-मात्रा गाळण्याची रीत असल्याने ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ब्राउझरचे काम इतके बेभरवशाचे नाही. पण पत्र नेहमी वाचणाऱ्याच्या लिपीत लिहावे, हा नियम तेथेही तोच.

येथे एक सावधगिरीची सूचना. अमुक भाषा फ्रंट-एंडची आणि तमुक बॅक-एंडची असे पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड नावाची प्रणाली पुढे आणली आणि तोवर प्रामुख्याने ब्राउझरमध्ये वावरणारी जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही सर्रास चालू लागली. आज एकाच भाषेत दोन्ही बाजू लिहिणारे पुष्कळ आहेत. परिचय पुस्तिकेतील ‘फुल-स्टॅक’ म्हणजे दोन्ही बाजू सांभाळणारा. तेव्हा भाषेच्या नावावरून बाजू ओळखायला जाऊ नये. ती कोठे चालते, हे विचारावे.

फ्रेमवर्क हा शब्दही असाच बाऊ करून ठेवलेला आहे. भाषा म्हणजे भाषा. फ्रेमवर्क म्हणजे त्या भाषेत आधीच कोणी बांधून ठेवलेली चौकट. पुतणीने मला ‘लायब्ररी’ आणि ‘फ्रेमवर्क’ यांतील फरक सांगितला, तो व्यापाऱ्याला चटकन कळेल असा आहे. लायब्ररी म्हणजे घाऊक व्यापारी. लागेल तेव्हा लागेल तो माल आपण त्याच्याकडून आणतो, दुकान आपल्या मनाप्रमाणे चालवतो. फ्रेमवर्क म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीची एजन्सी. दुकानाची मांडणी, फलकाचा रंग, बिलाचा नमुना, सारे तिचे. आपण फक्त मोकळ्या सोडलेल्या जागा भरायच्या. त्यात स्वातंत्र्य कमी, पण नव्या माणसाच्या चुकाही कमी.

फ्रंट-एंडच्या बाजूला रिअॅक्ट, अँग्युलर, व्ह्यू ही नावे ऐकू येतील. रिअॅक्ट फेसबुकने २०१३ मध्ये सर्वांना खुली केली. काटेकोरपणे ती लायब्ररी, पण व्यवहारात सगळे तिला फ्रेमवर्कच्याच पंगतीत बसवतात. बॅक-एंडच्या बाजूला पायथनची जँगो, रुबीची रेल्स, पीएचपीची लाराव्हेल, जावाची स्प्रिंग. यांतील जँगो अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. रोजच्या बातमीची घाई असलेल्या माणसांनी ती स्वतःच्या गरजेपोटी बांधली, म्हणून ती कामाची झाली असावी असे मला वाटते. पेढीवर टिकलेल्या सगळ्या चांगल्या पद्धती अशाच जन्मलेल्या असतात.

आता मूळ प्रसंगाकडे येते.

तिघांपैकी ज्यांचा दर सर्वांत कमी होता, त्यांनी आमच्या पेढीवर येऊन नमुना दाखवला. मोठ्या पडद्यावर आमच्याच चादरी अशा काही झळकल्या की आम्हीच त्यांच्याकडे नव्याने पाहू लागलो. बोट फिरवले की चादर उलगडे, रंग बदले, किनार जवळ येई. खाली त्या त्या ग्राहकाचा दर. भाऊजी खूश झाले. मामंजींनीही मान डोलावली. आमच्याकडे एकाच मालाचे तीन दर असतात, हे येथे सांगितले पाहिजे. कोणी रोखीने घेतो, कोणी साठ दिवसांच्या उधारीवर, कोणी एका वेळी पन्नास गाठी उचलतो. दर वेगळा असण्यात लबाडी नाही; पण प्रत्येकाचा दर हा त्याचा आणि आपला आपसातला विश्वास असतो. तो तिसऱ्याच्या कानी जाऊ नये, ही पेढीची जुनी शिस्त.

पुतणी त्या शनिवारी पुण्याहून आली होती. तिने चाचणीसाठी दिलेले खाते उघडले, ब्राउझरमधील तपासणीची खिडकी उघडली (ती प्रत्येक संगणकावर असते, त्यासाठी कोणतीही विद्या लागत नाही) आणि सर्व्हरकडून काय काय आले आहे, त्याची यादी आमच्यापुढे धरली. पडद्यावर एकच दर दिसत होता. यादीत तिन्ही होते. प्रत्येक चादरीचे, प्रत्येक टॉवेलचे. फ्रंट-एंडने तिन्ही दर मागवले होते आणि त्यांतला एक दाखवून उरलेले दोन झाकले होते.

दिवाणजींनी चष्मा लावला आणि आकडे मोठ्याने वाचू लागले. मामंजींनी त्यांना हाताने थांबवले. म्हणाले, “म्हणजे हुबळीच्या माणसाला लातूरचा भाव पाहता येईल?”

“हो आजोबा,” पुतणी म्हणाली. “त्याला चोरीही करावी लागणार नाही. आपणच त्याच्या घरी पाठवलेला आहे तो.”

न दाखवणे आणि न पाठवणे या दोहोंतील अंतर मला त्या दिवशी कळले. विक्रेत्याच्या पेटीत तिन्ही दरपत्रके घालून ‘दोन पत्रके काढू नकोस’ असे त्याला बजावण्यासारखे ते होते. पेटी तर ग्राहकाच्याच ओटीवर उघडी पडलेली. या ग्राहकाला कोणता दर लागू, हे सर्व्हरवर ठरायला हवे आणि तेवढाच एक दर तेथून बाहेर पडायला हवा.

दुसरी चाचणी याहून गंभीर ठरली. पुतणीने एका चादरीची मागणी नोंदवली आणि ती सर्व्हरकडे जाण्यापूर्वी त्या मजकुरातील २४० रुपयांचा दर २ रुपये ४० पैसे असा केला. सर्व्हरने तो निमूटपणे स्वीकारला आणि त्याच दराचे बिल काढले! बनवणाऱ्यांनी दर ग्राहकाच्या पडद्यावरून परत घेतला होता. आपल्या वहीत पाहिलाच नव्हता. कोणत्या पेढीवर असे चालेल? गिऱ्हाईक म्हणाले, ‘याचा भाव अडीच रुपये’ आणि दिवाणजींनी तसेच लिहून घेतले, असे कधी होईल का? ग्राहकाकडून यावा फक्त मालाचा क्रमांक आणि नग. दर, सूट, कर, शिल्लक हे सारे मागच्या वहीत पाहूनच मांडले पाहिजे. फ्रंट-एंडने दूरध्वनीचे आकडे दहा आहेत ना, नग शून्य तर नाही ना, हे जरूर तपासावे. ते ग्राहकाच्या सोयीसाठी. पण तीच तपासणी बॅक-एंडने पुन्हा, पहिली झालीच नाही असे समजून, करायची असते.

त्या मंडळींना हे कळवले, तेव्हा उत्तर आले की सामान्य ग्राहक असे काही करत नाही. खरे आहे. सामान्य ग्राहक गल्ल्यातही हात घालत नाही. तरी आपण गल्ल्याला कुलूप लावतोच.

बॅक-एंडच्या पोटात शिरल्यावर मला खऱ्या अर्थाने घरी आल्यासारखे वाटले, कारण तेथे डेटाबेस आहे, आणि डेटाबेस म्हणजे अखेर वहीच. त्याला प्रश्न विचारण्याची एसक्यूएल ही भाषा आयबीएम कंपनीत १९७४ च्या सुमारास घडली आणि ती अजूनही जगभर चालते. एका मागणीने आपल्याकडे निदान तीन नोंदी होतात: साठ्यातून माल कमी, ग्राहकाच्या नावे रक्कम, मागणीवहीत ओळ. पहिली नोंद झाली आणि वीज गेली तर? चांगला डेटाबेस या तिन्ही नोंदींना मिळून एक ‘ट्रान्झॅक्शन’ मानतो: तिन्ही होतील, किंवा एकही होणार नाही. मराठीत त्याला ‘व्यवहार’च म्हणतात आणि तो शब्द किती चपखल आहे! जमा झाली पण नावे पडली नाही, याला आपण कधी व्यवहार म्हटलेच नाही. शेवटची एकच गाठ उरलेली असताना दोन गावांहून एकाच क्षणी मागणी आली, तर ती कोणाला द्यायची हेही येथेच ठरते. दोन्ही मोबाईलांवर ‘शिल्लक १’ दिसत असेल. त्या दोन्ही पडद्यांना सत्य ठाऊक नसते.

पैशांची एक गंमत तर मी अनेकींना सांगितली आहे. कोणत्याही ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. उत्तर ०.३ येत नाही. ०.३ नंतर पंधरा शून्ये आणि शेवटी एक ४ येतो. यंत्र बिघडलेले नसते. आपण दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहायला गेलो तर ०.३३३ अशी न संपणारी रांग लागते. तसेच संगणकाच्या द्विमान पद्धतीत एकदशांशाचे होते. रांग कोठेतरी तोडावी लागते आणि तो तुटका तुकडा बेरजेत डोके वर काढतो. हा दोष केवळ जावास्क्रिप्टचा नाही. पायथनमध्ये, जावामध्येही साध्या अपूर्णांकांचे असेच होते. म्हणून जाणकार पैसे रुपयांच्या अपूर्णांकात ठेवत नाहीत. एक तर सगळा हिशेब पूर्ण पैशांत करतात, किंवा डेटाबेसमधील खास दशमान प्रकार वापरतात. कोबोल ही १९५९-६० मधील भाषा मुळातच दशमान हिशेब जाणते. बँकांनी ती इतकी वर्षे सोडली नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

यावर मामंजी जे म्हणाले, ते या मासिकाच्या वाचकांना सांगण्याजोगे आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे, आणि सत्याच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हे दोन आहेत. मामंजी म्हणाले, “तराजू लाकडाचा असो की विजेचा, मापात फरक राहता कामा नये. यंत्र असेच करते, हे कारण चालणार नाही.” मला तो विचार बॅक-एंडला फार लागू पडतो असे वाटले. तेथील दोष कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणूनच तेथे अधिक जपावे लागते.

फ्रंट-एंडला निराळा धोका असतो. त्याच मंडळींनी आम्हाला आणखी एक सोय देऊ केली होती: प्रत्येक मालाखाली ‘फक्त दोन गाठी शिल्लक’, ‘आता पाच जण हा माल पाहत आहेत’ अशा लुकलुकत्या पाट्या. वखारीत दोनशे गाठी असल्या तरी पाटी दोनच म्हणणार. भाऊजी क्षणभर मोहात पडले. सगळेच करतात, असे त्यांचे म्हणणे. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यांत अशा १३ प्रकारांची यादी आहे. खोटी घाई लावणे, ग्राहकाच्या टोपलीत न विचारता वस्तू घालणे, दर हप्त्याहप्त्याने उघड करणे, हे सारे तीत येते. कायदा आज आला. आपल्याकडे क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांत मायेला, म्हणजे कपटाला, फार पूर्वीच स्थान दिलेले आहे. तो विषय आमच्या घरात पाच मिनिटांत मिटला.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मी दर्शनी बाजूला कमी लेखते. तसे मुळीच नाही. मामंजींना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर वाचता येत नाही. आमच्या कर्नाटकातील ग्राहकांपैकी कित्येकांना कन्नड सोडून दुसरी लिपी सहज वाचता येत नाही. जोडाक्षरे मोडून दिसणार नाहीत असा टंक निवडणे, साध्या मोबाईलवर आणि कमजोर जाळ्यावरही पान लवकर उघडेल असे बांधणे, अंगठा सहज पोहोचेल अशा जागी बटण ठेवणे, ही सारी फ्रंट-एंडची कामे आहेत आणि ती करणाऱ्यांत दुसऱ्याच्या अडचणीची जाण लागते. पुतणीच्या कंपनीत तिच्या शेजारी बसणारी मुलगी हेच काम करते आणि एका पानासाठी आठ प्रकारच्या मोबाईलांवर दिवसभर तपासणी करते, असे ती सांगते. मुलाबाळांच्या करिअरचा विचार करणाऱ्या पालकांनी यांतले कोणते वरचे आणि कोणते खालचे, असा प्रश्न विचारू नये. ज्याला माणसांच्या सवयी न्याहाळण्यात रस आहे त्याने पुढे जावे. ज्याला मध्यरात्री एक पैशाचा फरक शोधल्याखेरीज झोप येत नाही त्याने मागे. मी बहुधा मागे गेले असते.

घरातला खरा वाद मात्र पैशाचा होता आणि तो पूर्ण मिटलेला नाही. भाऊजी म्हणतात, ग्राहकाला दिसते ते पुढचे. खर्च तेथे करावा. माझे मत उलटे आहे, आणि त्याला एक व्यावहारिक आधार आहे. दर्शनी बाजूच्या चौकटी फार लवकर जुन्या होतात. अँग्युलरची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली. २०१६ मध्ये तीच चौकट इतकी बदलून आली की जुने काम बरेचसे नव्याने लिहावे लागले, आणि जुन्या आवृत्तीची देखभाल २०२१ अखेर थांबली. साडीच्या काठाची फॅशन बदलावी तसे हे चालते. मागची वही मात्र नीट बांधली तर पुढचा दर्शनी भाग दोनदा बदलला तरी ती तशीच चालते. शेवटी आम्ही दुसऱ्या दरपत्रकवाल्यांना काम दिले. त्यांचा नमुना दिसायला साधा होता. पण ‘दर कोठे ठरतो?’ या आमच्या प्रश्नाला त्यांनी विचार न करता ‘सर्व्हरवर’ असे उत्तर दिले आणि तपासणीच्या खिडकीत ते खरेही ठरले.

करारात आम्ही काही गोष्टी लिहवून घेतल्या, त्या इतरांच्याही उपयोगी पडतील. संकेतस्थळाचे नाव पेढीच्या नावावर नोंदलेले असावे, बनवणाऱ्याच्या नाही. सर्व्हरच्या मुख्य खात्याची किल्ली आपल्याकडे असावी. लिहिलेल्या संपूर्ण प्रोग्रॅमची प्रत आपल्याला मिळावी. आणि डेटाबेसची नक्कल रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी पडावी. वही दुसऱ्याच्या घरी ठेवून कोणी व्यापार करत नाही. संगणकाचे नाव निघाले की मात्र शहाणी माणसेही ते करून बसतात.

सध्या एकोणीस ग्राहक मोबाईलवरून मागणी नोंदवतात. भाऊजींना आता स्वतंत्र अॅप हवे आहे, रंग आणि चिन्हही त्यांनी ठरवून ठेवले आहे. पुतणीचे म्हणणे आहे की, त्याआधी रोज रात्री पडणारी ती नक्कल एकदा रिकाम्या संगणकावर उतरवून पाहावी, सर्व खाती पैशापैशापर्यंत जुळतात का ते ताळ्यावर घ्यावे. परत उतरवून न पाहिलेली नक्कल ती हिशेबात धरत नाही. चातुर्मास संपल्यानंतरचा पहिला रविवार त्यासाठी ठरला आहे. तोवर दिवाणजींची कागदी किर्द चालूच आहे.